होमस्टेच्या ६० हजार लिटर पूलला व्हेरिएबल स्पीड पंप बसवलाय, रोज किती तास आणि किती स्पीडला चालवू?

फुल स्पीडला चार तास पळवून बंद, असं करत असाल तर पैसे पाण्यात. स्पीड निम्मा केला की पाणी निम्मंच फिरतं, पण वीज थिअरीत आठव्या हिश्श्यावर येते, प्रत्यक्षात थोडी जास्त, आमच्या दापोलीच्या पंपाला फुलला ११०० वॅट लागतात नि निम्म्याला २०० च्या आसपास.

तुमचा पंप फुलला तासाला १५ हजार लिटर फिरवतो असं धरू. मग सकाळी एक तास फुल, कारण स्लोला स्किमर, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड, नीट ओढत नाही आणि सुरूच्या काड्या, आंब्याचा मोहोर तसाच तरंगत राहतो, नि नंतर सहा तास निम्म्या स्पीडला, झालं सगळं पाणी एकदा फिरून. चार युनिटच्या वर जायचे ते सव्वादोन-अडीचवर येतं. हे दिवसाच करा, उन्हात क्लोरीन भराभर उडतं, तेव्हाच पाणी फिरतं राहायला हवं. गिऱ्हाईक भरलेलं असेल तर दोन तास वाढवा.

आणि हो, पावसात लाईट गेली की काही पंपांचं घड्याळ मागे पडतं, आमचा एकदा आठवडाभर रात्री अडीचला फुल स्पीडला सुटत होता, पाहुणे वैतागले तेव्हा कळलं.