निकोलेट मातीचा निचरा ‘काहीसा कमी’, तरी ती मक्याची उत्तम जमीन कशी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतल्या निकोलेट मातीच्या वर्णनात ‘समव्हॉट पुअरली ड्रेन्ड’, म्हणजे निचरा काहीसा कमी, असं लिहिलेलं असताना ती मक्याच्या चांगल्या जमिनींत कशी मोजतात? आणि ‘फाइन-लोमी, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, मेसिक ॲक्विक हॅप्लुडॉल्स’ हे तिचं वर्गीकरणातलं लांबलचक नाव, ही आगगाडी वाचायची कशी?

पहिल्या प्रश्नात मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून तिथूनच सुरू करतो.

मी आयोवात, एम्सला मृदाशास्त्राचं एमएस केलं. पहिल्याच ऑगस्टमध्ये आम्हा सहा-सात जणांना एका शेताच्या कडेला, पुरुषभर खोल खड्ड्यात उतरवलं. भोवती डोक्यावर गेलेला मका. खड्डा ठणठणीत कोरडा, तळालाही ओल जेमतेम. मी सांगलीकडचा, उसाच्या पट्ट्यातला. आमच्याकडं चिबड जमीन म्हणजे काय ते लहानपणापासून बघितलेलं. खड्डा खणला की दोन फुटांवर पाणी उपळतं, पायताण रुतून बसतं. इथं तसं काहीच नव्हतं. मी निचऱ्याच्या रकान्यात बेधडक ‘मध्यम चांगला’ लिहून टाकलं.

शिकवणाऱ्या बाईंनी कागद वाचला आणि काही न बोलता चाकूनं खड्ड्याच्या भिंतीतून एक ढेकूळ काढलं, साधारण ६० सेंटिमीटर खोलीवरचं. त्यावर बाटलीतून पाण्याचा फवारा मारला, ते हातानं दोन तुकडे केलं आणि माझ्यासमोर धरलं. आतला मूळ रंग फिकट तपकिरी, काहीसा ऑलिव्हकडं झुकणारा. त्यात राखाडी रेघा होत्या, शिळ्या राखेसारख्या, आणि त्यांच्या बाजूला गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचे ठिपके. एक राखाडी रेघ तर सरळ एका जुन्या मुळाच्या वाटेनं खाली गेलेली. नंतर बाई मला शेताच्या टोकाला चरापर्यंत घेऊन गेल्या. चराच्या काठातून एक काळा पन्हळी पाइप बाहेर आलेला होता आणि त्यातून ऑगस्टमध्येसुद्धा बोटाएवढी धार पडत होती. खड्डा का कोरडा होता ते कळलं.

तर गोष्ट अशी. मातीचा निचऱ्याचा वर्ग ठरवतात तो आज खड्ड्यात पाणी दिसतं का यावरून नाही. माणसानं हात लावण्याआधी, वर्षानुवर्षं, पाणी कुठवर चढायचं आणि किती काळ थांबायचं, यावरून. आणि ते वाचायचं लोहाच्या रंगावरून. माती पाण्यानं भरली की पोकळ्यांतली हवा जाते. उरलासुरला प्राणवायू सूक्ष्मजीव संपवतात, आणि मग ते आपलं काम लोहाच्या ऑक्साइडवर भागवतात. मातीला तांबूस-पिवळा रंग देणारं लोह अशा वेळी विरघळतं आणि पाण्याबरोबर सरकतं. जिथून गेलं तिथं कणांचा उघडा राखाडी रंग उरतो. जिथं पुन्हा हवा भेटली तिथं ते गंजाच्या रूपात बसतं. यासाठी नुसतं पाणी पुरत नाही. जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ लागतो आणि जमिनीत ऊबही लागते. म्हणून राखाडी रेघ बहुधा जुन्या मुळाच्या वाटेवर सापडते. मूळ कुजलं की तिथं मेजवानी असते आणि प्राणवायू सगळ्यात आधी तिथंच संपतो.

अमेरिकी पद्धतीत निचऱ्याचे सात वर्ग आहेत, अति निचऱ्यापासून अति कमी निचऱ्यापर्यंत. निकोलेटचा वर्ग वरून पाचवा. म्हणजे पाणथळ नव्हे. वसंतात, बर्फ वितळून पाऊस लागला की पाणी मुळांच्या पट्ट्यात चढतं, काही आठवडे राहतं आणि पीक वाढीला लागलं की उतरतं. आपल्या शब्दांत सांगायचं तर वाफसा उशिरा येतो. (वाफसा या शब्दाला तिथल्या मित्रांना इंग्रजी प्रतिशब्द देता देता माझी दमछाक व्हायची. त्यांना संकल्पना पक्की माहीत, शब्द मात्र अख्खं वाक्य वापरून सांगायचा.)

आता ही माती आली कुठून? उत्तर आयोवा आणि दक्षिण मिनेसोटात शेवटच्या हिमयुगात बर्फाची एक जीभ दक्षिणेकडं सरकली. तिला डी मॉइन लोब म्हणतात, कारण तिचं टोक आज जिथं डी मॉइन शहर आहे तिथवर पोचलं होतं. बर्फ वितळताना त्यानं खरवडून आणलेलं सगळं मागं टाकलं: चिकणमाती, वाळू, गोटे, चुनखडीचे आणि शेल या थरांच्या मऊ खडकाचे तुकडे, सगळं एकत्र कालवलेलं. त्याला टिल म्हणतात. नदीच्या गाळासारखं ते निवडलेलं नसतं, मिसळ असते. हे सगळं जेमतेम दहा-पंधरा हजार वर्षांपूर्वीचं. दख्खनच्या बेसाल्टला सहा-साडेसहा कोटी वर्षं झाली, त्या हिशेबानं हा प्रदेश काल सकाळचा. त्यामुळं तिथं नद्यांना अजून नीट वाटा काढता आलेल्या नाहीत. जमीन सपाट, मधेमधे बशीसारखे खळगे, आणि पाण्याला बाहेर जायला दार नाही.

या भूमीवर पुरुषभर उंचीचं गवत वाढलं. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विचग्रास. गवताचा मोठा संसार जमिनीखाली असतो. दरवर्षी मुळांचा काही भाग मरतो आणि तिथंच कुजतो. थंडीत जमीन गोठते, वसंतात ओली राहते, त्यामुळं कुजणं सावकाश. हजारो वर्षांत वरचा थर काळाभोर झाला. निकोलेटच्या वरच्या थरात सेंद्रिय पदार्थ साधारण ४ ते ६ टक्के असतो. म्हणजे ज्या ओलीमुळं निचऱ्याचा शेरा खराब, त्याच ओलीनं सुपीकता राखून ठेवली. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

उरलेलं अर्धं त्या काळ्या पाइपात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथल्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या फूटभर लांबीच्या नळ्या टोकाला टोक लावून पुरल्या. आज त्यांची जागा भोकं पाडलेल्या प्लॅस्टिक पाइपनं घेतली आहे, तरी नाव ‘टाइल’च राहिलं. तीन-चार फूट खाली हे जाळं पसरलेलं असतं. जास्तीचं पाणी निघून जातं, एप्रिल-मेमध्ये पेरणी साधते, आणि काळ्या थरातलं सगळं धन पिकाच्या मुळाशी लागतं. आमच्याकडं क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप टाकतात तीच युक्ती, फक्त इथं क्षारांचं दुखणं नाही.

याची किंमत कोणी मोजली तेही सांगायला हवं, नाहीतर चित्र फार गोड होईल. आयोवातल्या मूळ उंच गवताच्या प्रेअरीचा हजारातला एक भागही उरलेला नाही. शिवाय टाइल पाण्याबरोबर नायट्रेटही नदीत सोडते. डी मॉइन शहर पिण्याचं पाणी रॅकून नदीतूनही घेतं आणि त्यांना नायट्रेट काढायचा वेगळा प्रकल्प चालवावा लागतो. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेनं २०१५ मध्ये वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतल्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) निचरा-मंडळांवर, म्हणजे हे टाइलचं पाणी वाहून नेणाऱ्या स्थानिक संस्थांवर, दावाही ठोकला होता. तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. नायट्रेट मात्र येतच राहिलं.

आता आगगाडी. ती शेवटच्या डब्यापासून वाचायची.

‘हॅप्लुडॉल्स’मधलं शेवटचं ‘ऑल’ म्हणजे मॉलिसॉल, अमेरिकी वर्गवारीतल्या मातीच्या बारा गणांपैकी एक. लॅटिनमध्ये मॉलिस म्हणजे मऊ. जाड, काळा, मऊ, आम्लारींनी (कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरेंनी) भरलेला वरचा थर ही त्याची ओळख. त्याला मॉलिक थर म्हणतात: मुन्सेल या रंगतक्त्यात ओल्या मातीची व्हॅल्यू (रंगाचा उजळपणा) आणि क्रोमा (रंगाचा भडकपणा) दोन्ही ३ किंवा कमी, आम्लारी संपृक्तता निदान ५० टक्के, शिवाय जाडी आणि सेंद्रिय कर्बाच्या अटी. त्याच्या आधीचं ‘उड’ म्हणजे दमट हवामान, वर्षातला बराच काळ मातीत ओल. ‘हॅप्ल’ म्हणजे साधा, विशेष काही न घडलेला. हा शब्द बरंच सांगतो. इलिनॉयमध्ये फ्लॅनागन नावाची माती आहे, निचऱ्याचा वर्ग हाच. पण तिच्यात चिकण कण वरच्या थरातून खाली उतरून साठलेत, म्हणून ती अर्जिउडॉल. निकोलेटमध्ये तेवढं स्थलांतर झालेलं नाही.

‘ॲक्विक’ म्हणजे पाण्याची खूण: ७५ सेंटिमीटरच्या आत क्रोमा २ किंवा त्याहून कमी असलेले राखाडी डाग आणि सामान्य वर्षात काही काळ संपृक्तता. इथं नियमातच एक पळवाट, खरं म्हणजे पळवाट बंद करणारं कलम आहे: संपृक्तता नसेल तर कृत्रिम निचरा केलेला असला तरी चालतं. म्हणून शंभर वर्षं टाइल वाहिली तरी मातीचं नाव बदलत नाही. माझा कोरडा खड्डा इथंच फसला होता.

‘मेसिक’ म्हणजे मातीचं वार्षिक सरासरी तापमान ८ ते १५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. ‘सुपरॲक्टिव्ह’ म्हणजे चिकण कणांच्या मानानं धन आयनांची अदलाबदल क्षमता, म्हणजे पोषणद्रव्यं धरून ठेवायची ताकद, भरपूर, गुणोत्तर ०.६० किंवा जास्त. ‘मिक्स्ड’ म्हणजे कुठलंही एक खनिज वरचढ नाही, टिलकडून हीच अपेक्षा. ‘फाइन-लोमी’ म्हणजे ठरावीक खोलीच्या पट्ट्यात चिकण कण १८ ते ३५ टक्के आणि वाळूही बऱ्यापैकी. हाताला चिकण-पोयटा लागतो.

वर्गवारी पाठ करण्यापेक्षा निकोलेटची जागा डोळ्यासमोर आणा. एका शेतात, मीटर-दोन मीटरच्या चढउतारात, चार भावंडं राहतात. उंचवट्यावर क्लॅरियन, निचरा मध्यम चांगला. उताराच्या पायथ्याशी निकोलेट. सखल पट्ट्यात वेबस्टर, निचरा कमी, नाव एंडोॲक्वॉल, म्हणजे पाण्याच्या खुणेनं (‘ॲक्व’) नावात वरच्या पायरीपर्यंत, उपगणापर्यंत मजल मारलेली. आणि बशीच्या तळाला ओकोबोजी, जिथं जूनच्या पावसानंतर मका पिवळा पडून बुडतो. माती ज्यातून घडली ते मूळ द्रव्य बहुतेक तेच, हवामान तेच, गवतही बहुतेक तेच. फरक मुख्यतः पाणी कुठं किती थांबलं याचा. अशा साखळीला कॅटेना म्हणतात. हा शब्द जेफ्री मिल्न यांनी १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या टेकड्यांवर काम करताना रूढ केला. खळग्यांच्या काठावर आणखी एक गंमत असते. पाणी वर ओढलं जाऊन उडून जातं आणि चुना मागं राहतो. तिथं सोयाबीन लोहाअभावी पिवळं पडतं. आमच्याकडं चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, अगदी तोच प्रकार. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घरची आठवण आली.

एक सावधगिरी, कारण तुम्ही मराठीत विचारताय म्हणजे डोक्यात आपली काळी जमीन असणारच. दोन्ही काळ्या, पण नातं नाही. आपली भारी काळी जमीन व्हर्टिसॉल या वेगळ्या गणातली: चिकण कण बहुतेकदा ४० ते ६० टक्के, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. सेंद्रिय कर्ब पुष्कळ ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तरी रंग काळा, कारण थोडाच ह्यूमस (कुजलेला सेंद्रिय पदार्थ) स्मेक्टाइट या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणाशी घट्ट जोडलेला असतो. तिचा क्रोमा मुळातच कमी असतो, त्यामुळं राखाडी दिसलं की पाणी थांबलंय, हा आयोवातला नियम तिच्यावर डोळे झाकून लावू नका.

निकोलेट घरबसल्या बघायची असेल तर अमेरिकी कृषी खात्याचा वेब सॉइल सर्व्हे हा नकाशा मोफत आहे. आयोवातली स्टोरी काउंटी उघडा आणि एखादं शेत निवडा. ज्याच्या खुणेत ५५ आहे तो तुकडा म्हणजे निकोलेट, १०७ वेबस्टर, १३८बी क्लॅरियन, ६ ओकोबोजी. बी हे उताराचं अक्षर आहे.