पुण्यात बिऱ्हाड हलवताय? आधी शाळा, मग फ्लॅट

बहुतेक जण ऑफिसजवळ, वाकड-हिंजवडीत, फ्लॅटचं टोकन देऊन मोकळे होतात आणि मग शाळा शोधतात. उलटं करा. चांगल्या शाळांचे प्रवेश जूनच्या कितीतरी आधी सुरू होतात. मधल्या इयत्तेत जागा कोणी सोडली तरच मिळते. म्हणून आधी फोन करून 'चौथीत जागा आहे का' एवढंच विचारा.

शाळेच्या पाटीवरच्या 'सीबीएसई पॅटर्न'वर जाऊ नका. पॅटर्न म्हणजे संलग्नता (बोर्डाची मान्यता) नव्हे. संलग्नता क्रमांक मागा, बोर्डाच्या संकेतस्थळावर तपासा. ११ आकडी यूडायस क्रमांकही (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) घ्या. तो नसेल तर पुढे दाखल्याला अडचण. जुन्या शाळेतून दाखला घेताना नाव, जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. मुलाची ऑनलाइन नोंद नव्या शाळेकडे वर्ग करताना गाडी इथेच अडते. परराज्यातून येत असाल तर मराठीची तयारी आत्ताच सुरू करा. २०२० च्या कायद्याने ती इथल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची आहे.

सोसायटी बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा सगळंच शांत आणि छान दिसतं. कामाच्या दिवशी सकाळी सातला गेटवर उभे राहा: कोणत्या शाळांच्या बस थांबतात, किती मुलं चढतात, ते दिसेल. संध्याकाळी सहाला परत जा. मुलं खाली खेळतायत की पार्किंगमध्ये 'खेळण्यास मनाई'चा बोर्ड आहे? वॉचमनला उन्हाळ्यात टँकर किती येतात ते विचारा. एजंट हे सांगत नाही.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. पत्त्याचा पुरावा म्हणून शाळा तोच मागते.