मिरीचं सोडा, कांदा सांभाळा

भाऊ, पिल्लाने मिरी चाटली म्हणून रात्र जागून काढू नका. काळी मिरी कुत्र्याला विषारी नाही. चिमूटभर गेली तर शिंका येतील, जास्त गेली तर उलटी-जुलाब. मुद्दाम घालू मात्र नका.

माझा जीव कांद्या-लसणात अडकतो. आपल्याकडे शेवभाजीचा उरलेला रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्यापुढे सरकवतात. त्या वाटणात भाजलेला कांदा असतो, लसूण असतो. दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि भाजून-शिजवून तो दोष जात नाही. वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा घातक ठरतो. म्हणजे 5 किलोच्या पिल्लाला एक मध्यम कांदा. लसूण त्याहून जहाल.

आमच्या मोत्याने हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीनंतर पत्रावळी चाटल्या. भरतात पातीचा कांदा भरपूर होता. दोन दिवस ठणठणीत. चौथ्या दिवशी उठेना. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. सलाईनवर वाचला. म्हणून सांगतो, कांदा खाल्ल्याचं कळलं की लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

पुरणातलं जायफळही नको. हळदीची चिमूट चालते. मिरचीचा ठेचा तर लांबच ठेवा, तोंडापासून आतड्यापर्यंत आग होते त्या मुक्या जिवाची. त्याच्यासाठी फोडणीआधीचं बिनमिठाचं वरण काढून ठेवा आणि त्यात ज्वारीची भाकरी कुस्करा.