लेहऱ्यासारखं ऐकून बघ

तुझा प्रश्न काल रात्रीच वाचला. दादाच्या लग्नात संगीताच्या रात्री तुला डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं ‘अराउंड द वर्ल्ड’ हे नाचाचं गाणं लावायचंय, आणि तबल्याचे क्लास घेणारे तुझे बाबा म्हणतात, “सात मिनिटं तेच तीन शब्द. यात संगीत कुठं आहे?” तुला उत्तर सुचेना, आणि फोनवर परत परत ऐकल्यावर तुलाही वाटायला लागलं की बाबांचंच खरं असावं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून अगं-तुगं करतोय. मीही बडोद्याचाच. सूरसागरासमोरच्या म्यूझिक कॉलेजात तबला शिकलो, पुढे बारा नवरात्री गरब्याच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला, आणि १९९८ साली फाइन आर्ट्सच्या एका मित्रानं भरून दिलेल्या कॅसेटवर हे गाणं पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून ते मला सोडून गेलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, बाबांची मोजणी चुकलेली नाही. अल्बममधलं गाणं ७ मिनिटं ९ सेकंदांचं आहे आणि त्यात ती ओळ १४४ वेळा येते. रेडिओसाठी कापलेल्या साधारण चार मिनिटांच्या गाण्यातही ८० वेळा. दुसरा एकही शब्द नाही, अंतरा नाही, कडवं नाही. तेव्हा “बाबा, तुम्ही नीट ऐकलं नाही” असं म्हणू नकोस. त्यांना एवढंच विचार: तबल्याच्या सोलोत लेहरा किती वेळा वाजतो?

तीनतालाच्या सोळा मात्रांत बसवलेली एक ओळ पेटीवाला तासभर धरून बसतो. पेशकार होतो, कायदे होतात, रेले होतात, तुकडे, चक्रदार होतात, लेहरा तोच. कुणी श्रोता उठून म्हणत नाही की पेटीवाल्याला दुसरं काही येत नाही का. उलट त्यानं मध्येच जास्तीची हरकत घेतली तर तबलजी मान वळवून बघतो. लेहरा जागचा हलला नाही तरच सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठं आहे ते कानाला कळतं, आणि सम कळली तरच कायद्याचा पलटा, म्हणजे त्याच बोलांची नवी मांडणी, अंगावर येतो. या गाण्यात शब्द लेहऱ्याचं काम करतात. तिकडेच कान लावून बसलं तर कंटाळा येणारच. सोलोला जाऊन नुसती पेटी ऐकत बसलं तर दुसरं काय होईल?

मग इथं तबला कुणाकडे आहे? बेसकडे, म्हणजे खालच्या, जाड स्वरांच्या ओळीकडे. या गाण्यात मिळून पाचच आवाज आहेत: ड्रम मशीन, बेस, वरच्या पट्टीतला कीबोर्ड, गिटार आणि तो यंत्रासारखा गळा. प्रत्येकाकडे मोजक्याच जागा. बेस सिंथेसायझरवर वाजवलाय, पण चाल सगळी सत्तरच्या दशकातल्या डिस्कोची, शीकसारख्या बँडच्या बेस गिटारची. तो जिना चढल्यासारखा वर जातो, उतरतो, मध्येच पायरी गाळतो. मला विचारशील तर गाणं म्हणजे हा बेसच. बाकीचे चौघं त्याच्याभोवती फेर धरतात.

लेहऱ्याची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, तेही सांगून टाकतो, नाहीतर बाबा बरोबर पकडतील. आपल्याकडे लेहरा स्थिर आणि तबला मोकळा. हे गाणं ज्या प्रकारच्या नाचाच्या संगीतातलं आहे त्या हाऊसमध्ये ठेकाही स्थिर असतो. मिनिटाला १२१ ठोके, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढेच, गरब्यासारखी लय चढत नाही. तेव्हा बढत येते ती कोण कधी आत येतं आणि कोण कधी गप्प होतं यातून. बदलही बहुतेक आठ किंवा सोळा बारांनी होतात. एक बार चार मात्रांचा, म्हणजे बाबांच्या हिशेबानं तीनतालाची दोन किंवा चार आवर्तनं (सोळा मात्रांचा एक फेरा ते एक आवर्तन). त्यांनी हातावर ताल धरला तर दोन मिनिटांत ते पुढचा बदल कधी येणार हे तुला आधी सांगतील. तालाच्या माणसाला हे गाणं इतरांपेक्षा जास्त देतं असं माझं अगदी मनापासूनचं मत आहे.

सुरुवात मात्र डोळे मिटून ऐक. पहिल्यांदा सगळं दबलेलं, पाण्याखाली असल्यासारखं वाजतं, मग हळूहळू उघडतं. नवरात्रात रात्री दहाला घरातून निघतो तेव्हा काय होतं आठव. तीन गल्ल्या लांब असताना नुसता ढोलाचा धप्प धप्प येतो. कोपरा वळलं की टाळ्या कळतात. मैदानाच्या फाटकाशी आलं की झांजेची किनार आणि गाणारणीचे शब्द स्वच्छ होतात. भिंती वरचे स्वर अडवतात आणि खालचे जाऊ देतात, म्हणून असं होतं. स्टुडिओतला फिल्टर हेच काम एका बटणानं करतो. दोन वाद्यं जास्त न घेता नुसतं बटण फिरवून ते तुला गल्लीतून मैदानात आणतात. ही जागा मी किती वेळा ऐकली असेल सांगता येणार नाही, पण अजून तिथं मान वर होते.

गळ्याबद्दल बाबांना नक्की सांग, त्यांना आवडेल. तो टॉकबॉक्स आहे. सिंथेसायझरचा आवाज एका प्लास्टिकच्या नळीतून वाजवणाऱ्याच्या तोंडात सोडतात. त्यानं स्वतःच्या गळ्यातून काही काढायचं नाही, फक्त जीभ आणि ओठ हलवून अक्षरं घडवायची, समोरचा माइक ती पकडतो. स्वर यंत्राचा, बोल माणसाच्या तोंडाचे.

आणि शब्द एवढे कमी का, याचं उत्तर हे संगीत आलं कुठून यात आहे. शिकागोतल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवायचा. हाऊस हे नाव त्या वेअरहाऊसवरूनच पडलं असं मानतात. त्याच शहरात १२ जुलै १९७९ ला बेसबॉलच्या मैदानावर लोकांनी डिस्कोवरच्या रागातून डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटानं उडवल्या. नाचणाऱ्यांनी नाच सोडला नाही. मोठे ऑर्केस्ट्रा परवडत नव्हते, तेव्हा पोरांनी रोलँड कंपनीची ८०८ आणि ९०९ ही ड्रम मशीन्स हाताशी घेतली. ९०९ बाजारात चालली नव्हती, त्यामुळे जुनी स्वस्तात मिळायची. हे संगीत खुर्चीवर बसून ऐकायला झालंच नाही, रात्रभर नाचणाऱ्या पायांसाठी झालं. गरब्यातही झिलकारी, म्हणजे मागून साथ देणारे, तीच तीच ओळ उचलतात, आणि फेरातल्या कुणाला ती जुनी वाटत नाही, कारण तोवर पाय पुढे गेलेले असतात.

डाफ्ट पंक म्हणजे पॅरिसमधले थॉमा बँगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो. त्यांनी शिकागोचं ते सगळं घरच्या खोलीत बसून पचवलं. १९९७ साली अल्बम आला तेव्हा दोघं बावीस-तेवीस वर्षांचे होते, आणि घरी केला म्हणून त्याचं नाव ‘होमवर्क’.

आता बाबांना शेजारी बसवून या गाण्याचा मिशेल गाँद्रीनं केलेला व्हिडिओ लाव. नृत्य ब्लांका ली यांनी बसवलंय. माझ्या पाहण्यात संगीताचा इतका सोपा नकाशा दुसरा नाही. एक गोल रंगमंच, एखाद्या रेकॉर्डसारखा. यंत्रमानव कडेनं गोल चालतात, तो टॉकबॉक्सचा गळा. उंच खेळाडू जिन्यावर चढतात-उतरतात, तो बेस. पोहण्याच्या वेषातल्या मुली म्हणजे कीबोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार, आणि पट्ट्यांत गुंडाळलेल्या ममी म्हणजे ड्रम मशीन. वाद्य सुरू झालं की त्याची मंडळी हलतात, थांबलं की थांबतात. पहिल्यांदा पूर्ण बघा. दुसऱ्यांदा फक्त खेळाडूंकडे बघा आणि बाकी सगळ्यांकडे दुर्लक्ष करा. बाबांचा विरोध तिथं मऊ पडेल, खात्रीनं सांगतो.

तुझ्या स्वतःच्या कंटाळ्याचं कारण मात्र साधं आहे. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो, त्याला खालचे स्वर हलवताच येत नाहीत. वरचा गळा आणि कीबोर्ड तेवढा राहतो. म्हणजे इतके दिवस तू नुसता लेहरा ऐकलास, तबला तुझ्यापर्यंत आलाच नाही. चांगला हेडफोन लाव किंवा घरातल्या जुन्या डेकला जोड, मग बोल.

याच कारणानं माझी एक रात्र वाया गेली आहे, तुझी जाऊ नये म्हणून लिहितो. २०११ साली मामेबहिणीच्या संगीताला गावाबाहेरच्या एका पार्टी प्लॉटवर मी हेच गाणं लावलं. मधोमध कुणी पाय उचलेना. मला वाटलं आपलीच निवड चुकली, दीड मिनिटात बंद केलं. कडेला स्पीकरच्या खोक्याजवळ बसलेला आतेभाऊ म्हणाला, “इथं तर छाती धडधडतेय, बंद का केलंस?” तेव्हा डोक्यात उजेड पडला. मागं जाऊन बघतो तर भाड्यानं आणलेल्या दोन बेस-खोक्यांपैकी एकाच्या तारा उलट्या जोडलेल्या, लाल तिथं काळी. एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि दोन्हीपासून सारख्या अंतरावर, म्हणजे नेमका नाचायच्या जागी, बेस एकमेकांना खाऊन टाकतो. तारा सरळ केल्या, पण तोवर जेवणं सुरू झाली होती. बहिणीला ते गाणं हवं होतं, तिला ते मिळालं नाही याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हा संगीताच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी जा. हे गाणं लावून दोन खोक्यांच्या बरोबर मध्ये उभी राहा आणि साउंडवाल्याला एक खोका बंद करायला सांग. बेस थोडा कमी झाला तर सगळं ठीक. कमी व्हायच्या ऐवजी वाढला तर एकाच्या तारा उलट्या आहेत, त्याच क्षणी बदलून घे. लाजू नकोस, त्याला राग आला तरी चालेल.

क्रमाबद्दल म्हणशील तर हींच या सहा मात्रांच्या तालावरच्या गरब्याला लागून हे लावू नकोस. सहा मात्रांतून एकदम चारांत पाय अडखळतात. मध्ये कहरव्यातलं, म्हणजे आठ मात्रांच्या तालातलं, एखादं गाणं घे, तीच चाल पुढे चालू राहते. चार मिनिटांचं लाव, सात मिनिटांचं घरी ऐकायला ठेव. आणि एकदा लावलंस की मध्ये कापू नकोस. पहिलं मिनिट लोक एकमेकांकडे बघतील, बघू दे. अंगात यायला त्याला तेवढा वेळ लागतो.

बाबांबरोबर बसशील तेव्हा त्यांना हातावर तीनताल धरायला सांग, आणि बेसनं कितव्या आवर्तनाला चाल बदलली असं त्यांना वाटलं ते मला इथंच कळव. माझी मोजणी वहीत लिहिलेली आहे, ताडून बघू.