बारावी आणि क्लॅट: वेळ कसा काढशील

अगं, बारावी आणि क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) एकत्र जमतं, फक्त दोन्हींना रोज सारखा वेळ द्यायचा हट्ट सोड. क्लॅट होते डिसेंबरच्या सुरुवातीला, बोर्ड फेब्रुवारीत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत क्लॅटला झुकतं माप दे. पेपर झाला की पुस्तकं माळ्यावर, मग फक्त बोर्ड.

कॉलेज चालू असताना रोज तासभर पुरे: अग्रलेख आणि दोन उतारे, घड्याळ लावून. क्लॅटच्या पेपरात १२० प्रश्न, दोन तास. वाचनाचा वेग नसेल तर बाकी तयारी वाया. गणित दहावीच्याच पातळीचं असतं, बाऊ करू नकोस.

रविवारी दुपारी दोन ते चार मॉक (सराव परीक्षा), खरी परीक्षा असते त्याच वेळेला. त्याहून जास्त वेळ चुका बघण्यात घाल. लीगल रीझनिंगमध्ये, म्हणजे कायद्याच्या प्रश्नांत, उताऱ्यातला नियम लावायचा. आपल्याला काय न्याय्य वाटतं ते नाही. इथेच हुशार मुलं गडबडतात, आणि चुकलं की पाव गुण जातो.

बोर्डानंतर एमएच-सीईटी लॉ, म्हणजे महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांची प्रवेश परीक्षा, आहेच. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. अर्ज मात्र आधीच भरावा लागतो, प्रॅक्टिकलच्या गडबडीत तारीख हुकवू नकोस.