लाईट जाऊन आली की व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ चुकतं, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गुहागरच्या पतसंस्थेत एका सर्व्हरवर (हा होस्ट) केव्हीएममध्ये, म्हणजे लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन चालवायच्या सोयीत, दोन गेस्ट (व्हर्च्युअल मशीन) चालतात. लाईट जाऊन आली की लिनक्सवाला बंद पडतानाच्या वेळेवरच उठतो आणि विंडोजवाला बरोब्बर साडेपाच तास मागे असतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

विंडोजचं सोपं आहे. साडेपाच तास म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि आपल्या वेळेतला फरक. त्या गेस्टला यूटीसीचं घड्याळ दिलंय आणि विंडोज ते स्थानिक समजून वाचतंय. लिबव्हर्टमध्ये (केव्हीएमचे गेस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर) क्लॉक ऑफसेट 'लोकलटाइम' करा आणि गेस्ट पूर्ण बंद करून चालू करा. आतून नुसता रीबूट केलात तर बदल लागू होणार नाही.

लिनक्सचं दुखणं खरं काळजीचं. तुमचा होस्ट बंद होताना गेस्टला शटडाउन न करता सस्पेंड करत असणार. मग तो जागा होतो तो झोपला त्याच मिनिटाला. आतला क्रोनी (घड्याळ जुळवत राहणारा प्रोग्रॅम) आधीपासून चालू असतो, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये तो पहिल्या ३ दुरुस्त्यांनंतर घड्याळात उडी मारत नाही, हळूहळू ओढत नेतो. जास्तीत जास्त १२ तासांत १ तास. म्हणजे ७ तास लाईट नसेल तर साडेतीन दिवस पावत्यांवर चुकीची वेळ! होस्टवर लिबव्हर्ट-गेस्ट्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ऑन शटडाउन'ला सस्पेंडऐवजी शटडाउन लिहा. गेस्टमध्ये पीटीपी-केव्हीएम मॉड्यूल (गेस्टला होस्टचं घड्याळ वाचू देणारं) लावून क्रोनीला तिथून वेळ घ्यायला सांगा. आपल्याकडे पावसात लाईटबरोबर नेटही जातं, तेव्हा गेस्टला बरोबर वेळ होस्टकडूनच मिळू शकते.

पण मग होस्टची वेळ बरोबर हवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर हर्णैत मी सांभाळत असलेला सर्व्हर बरेच दिवस बंद होता. चालू केला तेव्हा मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली, तारीख कित्येक वर्षं मागची, नेट नाही, आणि गेस्ट आपोआप सुरू झालेले. मासळीच्या लिलावाची बिलं जुन्या तारखेला पडली. ती दुरुस्त करताना मला फार वाईट वाटलं, कारण त्यावर माणसांचे पैसे ठरतात. तेव्हापासून गेस्टचा ऑटोस्टार्ट बंद आहे. होस्ट दर १० मिनिटांनी आपली वेळ एका फाइलीत लिहून ठेवतो. उठल्यावर स्क्रिप्ट आताची वेळ तिच्याशी ताडून बघते, आणि वेळ मागे दिसली तर एकही गेस्ट सुरू करत नाही.

सगळं झालं की रविवारी, काउंटर बंद असताना, यूपीएसचा प्लग काढून घड्याळ लावून बसा. माझ्याकडे विंडोज गेस्टला बंद व्हायला ४ मिनिटं लागली आणि यूपीएस तिसऱ्याच मिनिटाला बसला. नवी बॅटरी त्यानंतर घेतली.