कॅल्शियम पाजूनही गाय बसली

प्रश्न : आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय तिसऱ्या वेताला व्याली आणि दुसऱ्या दिवशी खाली बसली. कान गार, मान कुशीकडे वळलेली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिल्यावर तासाभरात उठली, पण रात्री पुन्हा बसली. आटवल्यापासून, म्हणजे दूध काढणं थांबवल्यापासून, रोज कॅल्शियम पाजत होतो. मग कमी काय पडलं?
– एक पशुपालक, वाळवा, जि. सांगली

उत्तर : हा दुग्धज्वर. कमी पडलं ते हार्मोन, आणि त्याला ते रोजचं पाजणंच बऱ्याच अंशी कारण. चिकाच्या लिटरमागे २ ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. १० लिटर चीक निघाला की २० ग्रॅम गेलंच, आणि गाईच्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम ३ ग्रॅम. ही तूट भरायला गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी हार्मोन सोडतात. ते लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतं, हाडांतलं मोकळं करतं आणि ड जीवनसत्त्वाकरवी आतड्यातून जास्त ओढून घेतं. ही यंत्रणा पुरती चालू व्हायला एक-दोन दिवस लागतात. आटवलेल्या काळात आयतं कॅल्शियम मिळालं की ती सुस्तावते. त्यात लसूणघासासारखी पोटॅशियमवाली वैरण असली तर रक्त अल्कधर्मी होतं आणि हाडं, मूत्रपिंड हार्मोनला दाद देत नाहीत.

दुग्धज्वर म्हणतात, पण अंगात ज्वर नसतोच, उलट अंग गार पडतं. कॅल्शियम घटल्यावर हृदय जोराने आकुंचन पावत नाही, रक्तदाब उतरतो, नाडी बारीक लागते.

शिरेतून दिल्यावर कॅल्शियम एकदम चढतं, ग्रंथी पुन्हा गप्प होतात. औषध ओसरलं की गाय बसते. म्हणून उठून नीट गिळू लागली की कॅल्शियम जेल तोंडाने द्यावं. आडव्या गाईला काही पाजू नका, फुफ्फुसात जाईल. शिरेतली बाटली डॉक्टरांनीच, ठोके ऐकत, १०-१५ मिनिटं घेऊन सोडावी. घाई केली तर हृदय थांबतं. तोवर पोत्यांचा टेकू देऊन गाय उरावर बसती ठेवा, दर २-३ तासांनी कूस बदला.

पुढच्या वेताला व्यायच्या आधीचे शेवटचे ३ आठवडे कॅल्शियम आणि लसूणघास बंद, मक्याची वैरण चालेल. व्याल्यावर मात्र नुसत्या उसाच्या वाढ्यावर ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला पोटातच धरून ठेवतं. त्याच ३ आठवड्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲनायोनिक क्षार (रक्त थोडं आम्लाकडे झुकवणारे) देता येतात. कडवट असतात, पेंडीत मिसळूनच द्या. पट्टीवर लघवीचा सामू (पीएच) ६ ते ६.८ आला की मात्रा बसली. साडेपाचच्या खाली गेला तर लगेच कमी करा, नाहीतर गाय वैरणीला तोंड लावत नाही.